बरौंड्याचा घडियाल

"दद्दा, भाताची तयारी झाली का?" नावेत पाय टाकता टाकताच बांगडीवाली जुबेदानं विचारलं आणि टोपली मांडीशी घेऊन ती मधल्या फळीवर बसली.

लज्जारामनं बांबू वाळूत रोवून नाव पाण्यात लोटली आणि जणू ऐकलंच नाही. गडी साठीच्या पुढचा. पण नको ते ऐकायची वेळ आली की त्याचे कान एकदम नव्वदीचे व्हायचे.

"भाचीचं लग्न आहे म्हटलं. रचनाचं. गंगा दशहऱ्याला वरात येतेय, चुडा मीच भरणार आहे. तिची आई कटोरी येऊन गेली असेल ना गूळ घेऊन?"

"जुबेदा, नाव हलतेय. गप बस."

"नाव नाही हलत, दद्दा. जेठातलं, भर उन्हाळ्यातलं पाणी आहे, ताटलीत ठेवल्यासारखं. हलतंय ते दुसरंच काहीतरी."

नावेतल्या दोघातिघांनी तोंडं फिरवून हसू गिळलं. लज्जाराम पलीकडच्या काठाकडे बघत बांबू टेकत राहिला. जुबेदा ही दोन्ही काठांवरची मनगटं हातात घेणारी बाई. कुठल्या घरात काय शिजतंय ते तिला चुलीच्या आधी कळायचं. तिनं विचारलं म्हणजे बहिणीच्या सासरी, अख्ख्या बरौंड्यात आधीच विचारून झालेलं असणार, मामा येणार की नाही.

चंबळेच्या काठी लेकराचं लग्न निघालं की आईनं पदराला गूळ बांधून माहेरी जायचं, भावाच्या कपाळाला टिळा लावायचा, गुळाचा खडा त्याच्या तोंडात घालायचा आणि म्हणायचं, भात घेऊन ये. तांदळाचा त्यात दाणा नसतो. लुगडं, चुनरी, जे जमेल ते घेऊन भाऊ लग्नाच्या आदल्या दिवशी बहिणीच्या दारात उभा राहतो, त्याचं नाव भात. मांडवाला एक खांब कमी असला तरी चालतं, मामा कमी असून चालत नाही. पण बोलावल्याशिवाय भावानं जायचं नसतं. आणि भात न मागताच बहीण लेक उजवून मोकळी झाली, तर समजायचं, तिनं माहेर पाण्यात सोडलं. मग पुढं राखी नाही, भाऊबीज नाही, येणं नाही, जाणं नाही.

दशहरा तोंडावर आला होता आणि कटोरी आली नव्हती.

"येईल कशी?" त्याची बायको रामदेई संध्याकाळी भाकरी थापताना म्हणाली. "तुम्हीच तोडलंत."

"मी तोडलं? आणि घडियाल कुणी विकला?"

"विकला की नाही ते बघायला गेलात का कधी?"

"बघायला कशाला जायला पाहिजे? कान आहेत मला. पाच पावसाळे झाले, तिकडून एक टोला आला नाही."

रामदेईनं भाकरी उलटली. या घरातलं हे बोलणं इथंच येऊन थांबायचं.

आता हे घडियालाचं प्रकरण सांगायला हवं. लज्जारामच्या गावच्या, खिरकौलीच्या माणसांच्या जिभेवर घडियाल दोन होते. एक काशाचा. परातीएवढा, जाड, लाकडी हातोडीनं वाजवायचा. देवळात आरतीला वाजतो तो. आपण भिंतीवरच्या यंत्राला घड्याळ म्हणतो, ते नाव याच्याच घराण्यातलं. दुसरा पाण्यातला. ही मासे खाऊन राहणारी सुसर. तोंड चिमट्यासारखं लांब, दात सुयांसारखे. नर वयात आला की त्याच्या नाकाच्या शेंड्यावर उलट्या मडक्यासारखा गोळा येतो. मडक्याला तिकडं घडा म्हणतात, म्हणून तोही घडियाल. एका नावाचे दोघे. पण घाटावर त्यानं कुणाचं अडलं नाही. बोलण्याच्या ओघात कळायचंच, कुठला ते. निदान सगळे तसं समजत होते.

काशाचा घडियाल लज्जारामच्या बापानं, डोजीनं, जत्रेतून आणला होता. कटोरीचं लग्न बरौंड्यात ठरलं तेव्हाची गोष्ट. बरौंडा पलीकडच्या काठाला, पण नदीच्या वळणाआड. मध्ये मातीचा उंच कडा असल्यामुळं इथून दिसायचा नाही. रोजची नाव समोरासमोर जायची, बरौंड्याकडं कुणी बोलावलं तरच. डोजीनं तो घडियाल बरौंड्याच्या काठावरच्या कडुनिंबाला टांगला आणि लेकीला म्हणाला, "आठवण आली की वाजव, बिन्नू. मी असेन तर मी येईन, नसेन तर हा येईल." हा म्हणजे लज्जाराम. कटोरीनं स्वतःची खूण ठरवली होती. दोन टोले घाईघाईनं आणि तिसरा जरा थांबून. पाण्यावरून तो तिसरा टोला आला की लज्जाराम ताटावरून उठायचा.

आणि पाण्यातला घडियाल म्हणजे ठाकुर.

हे नाव कटोरीनंच ठेवलेलं. दोघं भावंडं बापाच्या नावेतच वाढली. जेठाच्या सकाळी वाळूच्या आतून आवाज यायचा, कुणाला पोटातल्या पोटात उचकी लागावी तसा. अंड्यातली पिल्लं आईला हाका मारत असायची. कटोरी वाळूला कान लावून पालथी पडायची आणि मादी पाण्यातून वर येताना दिसली की धूम पळत नावेत. मादी वाळू उकरायची. वीतभराहून थोडी मोठी पिल्लं, वाळक्या काटक्यांना पाय फुटावेत तशी, पाण्याकडं धावत सुटायची. तिथं ठाकुर वाट बघत असायचा. नावेच्या लांबीचा नर, नाकावरचा घडा चांगला तांब्याएवढा. पिल्लं त्याच्या पाठीवर, डोक्यावर, जागा मिळेल तिथं चढून बसायची, एकमेकांच्या अंगावरून घसरायची, पुन्हा चढायची, आणि तो उन्हात नुसता पडून राहायचा. डोळे तेवढे उघडे.

डोजी वल्हं मांडीवर घेऊन हात जोडायचा. "वसुदेवानं एक लेकरू टोपलीत घालून नदी ओलांडली, तर गावोगाव कथा होतात. हा एवढी घेऊन बसलाय, याच्यासाठी कुणी पेटी काढत नाही."

"बापू, त्याचं डोकं दुखत नाही का?" कटोरी विचारायची.

"लेकरं डोक्यावर असताना बापाचं डोकं दुखत नाही, बिन्नू. उतरली की दुखतं."

हे बोलणं लज्जारामला पुढं कितीतरी वर्षांनी कळलं, स्वतःची पोरं कामाला शहरात निघून गेल्यावर. तेव्हा मात्र दोघं खिदळायची आणि थंडीत ठाकुर पाण्याखाली नाकातून जो आवाज काढायचा, रिकाम्या घागरीत कुणी फुंकर मारावी तसा, त्याची नक्कल करत बसायची. कटोरीला ती इतकी हुबेहूब जमायची, की एकदा वाळूवरच्या दोन माद्यांनी माना वळवून बघितलं होतं. सासरी जातानाही नाव ठाकुरच्या वाळूजवळून गेली तेव्हा नवरीनं घुंगटातूनच त्याला वाकून नमस्कार केला. वरातीतले लोक हसले. डोजी हसला नाही. घरच्या वडीलधाऱ्याला नमस्कार केल्याशिवाय लेक कशी जाईल?

एके वर्षी तर मजाच झाली. वरून निरोप आला, उद्या साहेब घडियाल बघायला येताहेत, सगळं नीट ठेवा. लज्जाराम लगोलग बरौंड्याला गेला. चिंच आणि राख लावून त्यानं काशाचा घडियाल असा घासला, की दुसऱ्या दिवशी सूर्य नदीवर एकदा उगवला आणि कडुनिंबावर एकदा. साहेब आले, दुर्बिणी गळ्यात अडकवून वाळूकडं निघाले. लज्जाराम त्यांच्या मागं मागं. "साहेब, इकडं. झाडावर आहे." साहेबांनी झाडावर बघितलं, एकमेकांकडं बघितलं. कटोरी हसून हसून वाळूत बसली. तेव्हापासून भावाला भेटली की तिचा पहिला प्रश्न ठरलेला, "दद्दा, घडियाल घासलास का?" आणि त्यानं ठरलेलं उत्तर द्यायचं, "कुठला?"

असं होतं. मग एका पावसाळ्यात चंबळ घाटावरच्या देवळाच्या पायरीपर्यंत चढली. उतरली तेव्हा खिरकौलीची वाळू कापून घेऊन गेली आणि ठाकुरही आपला मुक्काम हलवून वळणापलीकडं बरौंड्याच्या डोहात जाऊन राहिला. लज्जारामला वाईट वाटलं, पण तो रामदेईला म्हणाला, "गेला तर बहिणीच्या दारात गेला. परक्याच्या नाही."

त्याच थंडीत दूधवाला पंचम किटल्या घेऊन नावेत चढला. घाईत होता, दूध नासत होतं.

"दद्दा, कटोरीजिज्जीचा सांगावा आहे. घडियाल गेला. ये म्हणाली."

"गेला म्हणजे?"

"गेला म्हणजे गेला. चार माणसं लागली उचलायला. रडत होती बिचारी."

पंचमला चार माणसांशिवाय कुठली गोष्ट सांगताच यायची नाही, म्हणून लज्जारामनं ते सोडून दिलं. त्याच्या डोक्यात वेगळंच चाललं होतं. कटोरीच्या नवऱ्यानं, हरबिलासनं, त्याच साली भंगाराचा धंदा काढला होता. गावोगाव सायकल घेऊन फुटकी भांडी, जुनं तांबं, काशाचे तुकडे गोळा करायचा. लज्जारामला सगळं लख्ख दिसलं. बापानं लेकीसाठी टांगलेला घडियाल जावयानं तराजूत घातला.

"घरच्यांनीच घालवला ना?" तो म्हणाला. "मग आता रडतेस कशाला, म्हणावं. मी नाही येत."

पंचमनं हे शब्द जसेच्या तसे पोचवले.

त्यानंतर बरौंड्याकडून टोला ऐकू आला नाही. म्हणजे खरंच विकला. आणखी पुरावा कशाला हवा? नावेतली माणसं सुरुवातीला म्हणायची, "बरौंड्याचा घडियाल गेला, फार वाईट झालं." लज्जाराम फटकन म्हणायचा, "वाईट काय त्यात? भाव बरा आला असेल." माणसं गप्प व्हायची. दुःखानं कडवट झालाय बिचारा, असं म्हणत उतरायची. शेवटी त्यानं सांगून टाकलं, माझ्या नावेत बरौंड्याचं नाव काढायचं नाही. नावेचा मालक तो, कोण काढणार?

एवढं असूनही थंडीच्या दिवसांत तो नाव बांधल्यावर वळणाच्या दिशेला तोंड करून उगाच बसायचा. ठाकुर तिथं आहे. कटोरी रोज पाण्याला जाताना त्याला बघत असेल. आमचं बोलणं तुटलं, पण घरचं एक माणूस तरी तिच्याजवळ आहे. हा विचार तो कुणाला सांगत नसे, पण त्यावर त्याची पाच वर्षं निघाली होती.

जेठात घाटावरच्या पिंपळाखाली कथेचा सप्ताह बसायचा. खेमदास महाराज यायचे. उंच, हाडकुळे, छातीत मात्र पखवाज बसवलेला. दुपार कलायला लागली की पेटीवर बोट टेकायचे आणि माणसं हातातल्या विड्या विझवायची. आवाज असा, की शब्द कळायच्या आधीच डोळ्याला पाणी यायचं. शब्द कळले की मग ते पाणी कशाचं होतं ते समजायचं. पूर्वी कथेच्या पहिल्या दिवशी हमखास तीन टोले यायचे आणि लज्जाराम बहिणीला घेऊन यायचा. कथा सुटली की दोघं वाटेभर महाराजांच्या चाली गुणगुणत नाव हाकायची, आणि कटोरी मधेच चाल चुकवून वर त्यालाच म्हणायची, "तू चुकलास."

यंदा त्यानं महाराजांची पेटी डोक्यावर घेऊन घाट चढवली, सतरंज्या घातल्या, पाण्याचे माठ भरले, आणि रोज अगदी कडेला, नदीकडं तोंड करून बसला. एक एक दिवस संपत गेला. वळणावरून कुणी आलं नाही.

त्या दुपारी हत्तीचं आख्यान होतं. तळ्यात उतरलेल्या हत्तीचा पाय नक्रानं पकडला. हत्ती ओढतोय जमिनीकडं, नक्र ओढतोय पाण्याकडं. सगेसोयरे काठावरून बघून बघून निघून गेले. महाराजांनी ते असं लावलं, की झांजवाला झांज वाजवायची विसरला. "आपला पाय अडकला की काठावर कोण थांबतं हो?" महाराजांनी पेटी बारीक करून विचारलं. "पहिल्या दिवशी सगळे. दुसऱ्या दिवशी निम्मे. मग ज्याचा पाय, तो आणि त्याचा देव." बायकांच्या बाजूनं हुंदके येऊ लागले.

या आख्यानाची खिरकौलीत एक जुनी गंमत होती. महाराज इथं आले की लज्जारामनं उठायचं आणि म्हणायचं, "महाराज, तो मगर असेल. आमचा घडियाल कुणाचा पाय धरत नाही, तो मासे खातो." मग महाराजांनी हसून माफी मागायची. पाच वर्षं लज्जाराम उठला नव्हता. महाराजांच्या ते लक्षात असावं. त्यांनी पेटी थांबवली आणि मान उंच करून कडेला बघितलं.

"अहो केवट, यंदाही गप्पच? नक्राच्या बाजूनं बोलायला कुणी उरलंच नाही का या घाटावर?"

सगळ्यांच्या माना वळल्या. लज्जारामला उठावंच लागलं.

"मी काय बोलू, महाराज. ज्याच्या जिवावर बोलायचो तो तिकडं गेला. आता साक्ष काढायची तर बरौंड्याच्या डोहात जाऊन ठाकुरलाच विचारा. तिकडचं बरं चाललंय त्याचं."

माणसं एकमेकांकडं बघू लागली. मग बायकांच्या बाजूला, पार मागं, एक घुंगट हलला.

"दद्दा, ठाकुर कुठं आहे आता?"

लज्जारामला आवाज ओळखायला वेळ लागला नाही. त्यानं तिकडं बघितलं मात्र नाही. समोरच्या पिंपळाकडं बघतच बोलला. "तुझ्या दारात. आणखी कुठं?"

"ठाकुर गेला." कटोरी उभी राहिली होती. "जाळ्यात अडकला. ज्या सकाळी गेला त्याच सकाळी तुला सांगावा धाडला होता. घडियाल गेला, ये म्हणून."

लज्जारामच्या ओठांनी तो निरोप पुन्हा एकदा म्हणून बघितला, आवाज न करता. घडियाल गेला. ये.

"मला वाटलं," तो म्हणाला, "काशाचा."

"काशाचा? काशाचा कुठं जाईल? त्याला काय पाय आहेत?"

"हरबिलासनं भंगारात घातला असं..."

"ह्यांनी?" कटोरीनं घुंगट मागं टाकला. समोर सासरचं कुणी नव्हतं, आणि असतं तरी आता तिला सुचलं नसतं. "अरे, ते आंघोळ करून आले की आधी त्या घडियालाला हात जोडतात, मग देवाला. त्यांच्या सायकलला हवा नसते, पण त्याला तेल असतं."

"मग वाजवला का नाहीस कधी?"

"कुणासाठी वाजवू?" तिचा आवाज फुटला. "ठाकुर वाळूवर पडला होता. मी त्याच्या अंगावर लाल चुनरी घातली, तोंडात गंगाजळ घातलं आणि उन्हं वर येईपर्यंत तुझी वाट बघितली. खांद्याला माहेरचं कुणीतरी हवं होतं. आणि तुझं काय आलं? घरच्यांनीच घालवला, आता रडतेस कशाला. जाळं ह्यांच्या पुतण्याचं होतं, दद्दा. मला वाटलं, तुला कळलंय. तू खरंच बोललास. खऱ्याला मी काय उत्तर देणार? कुठल्या तोंडानं वाजवणार?"

लोकांच्या नजरा आता हळूहळू पंचमकडं वळल्या. पंचम माठाच्या आडोशाला सरकला.

"माझ्याकडं काय बघता? मी शब्दाला शब्द पोचवला. इकडचा तिकडं आणि तिकडचा इकडं."

"तेच तर," जुबेदा म्हणाली. "दुधात एवढं पाणी घालतोस, निरोपात एक शब्द जास्तीचा घातला असतास तर काय बिघडलं असतं?"

हसू आलं आणि विरलं, कारण लज्जाराम खाली बसला होता. बहीण तुटली नव्हती, हे त्याला कळलं होतं. पण ज्याच्या भरवशावर बहिणीविना पाच वर्षं काढली तो त्या पाचही वर्षांत तिथं नव्हता, हेही त्याच क्षणी कळलं होतं. तो कुणाकडं बघत बसत होता रोज? रिकाम्या पाण्याकडं.

कटोरी माणसांतून वाट काढत त्याच्याजवळ आली. पदराची गाठ तिनं मुठीत धरली होती.

"गूळ आहे," ती हळूच म्हणाली. "कधीची बांधून हिंडतेय. पुलावरून, रस्त्यानं, लांबून आले. म्हटलं, कथेत बसते. तू बघितलंस तर देईन, नाही बघितलंस तर महाराजांच्या पायावर घालून परत जाईन."

लज्जारामनं हात पुढं केला आणि तसाच मागं घेतला.

"आत्ता नको."

"का रे?"

"घरातलं माणूस गेल्याचं आत्ता कळलंय मला, बिन्नू. आंघोळ नाही झाली माझी."

लांबचं मरण उशिरा कळलं तर ज्या क्षणी कळेल त्या क्षणी, अंगावरच्या कपड्यांनिशी आंघोळ करायची, मगच शुभाला हात लावायचा, ही रीत तिथं सगळ्यांना ठाऊक. पण ती माणसांसाठी. मागून कुणीतरी पुटपुटलं, "सुसरीचं कुठं सुतक असतं?" आणि मग सगळेच महाराजांकडं बघू लागले.

खेमदास महाराज पेटीवर हात ठेवून बसले होते. "मला काय विचारता," ते म्हणाले. "शास्त्रात बघितलं तर नसेल. पण मुलगी सासरी जाताना ज्याला वाकून नमस्कार करून गेली, त्याचं सुतक नाही म्हणायला माझी जीभ रेटत नाही. जा, केवट. आम्ही थांबतो."

लज्जाराम घाट उतरला. धोतर, कुडतं, डोक्याचं फडकं, सगळ्यासकट पाण्यात शिरला. कमरेपर्यंत, मग छातीपर्यंत. जन्मभर त्याच पाण्यावर राहिलेला माणूस, पण त्या दिवशी ते पाणी त्याला लागलं. त्यानं नाक धरून बुडी मारली. वर आला. ओंजळ भरून वळणाकडं तोंड केलं आणि पाणी पाण्यात सोडलं. त्यानं नाव घेतलं असावं. काठावर ऐकू आलं नाही. कटोरीनंही पायरीवर बसून आपली ओंजळ भरली. तिनं तेव्हाच सगळं केलं होतं, पण भावाच्या जोडीनं केलं नव्हतं.

पाण्यातून तो निथळत वर आला तेव्हा त्याचे डोळे लाल झाले होते. चंबळेच्या पाण्यानं डोळे लाल होत नाहीत, हे घाटावर सगळ्यांना माहीत होतं.

कटोरीनं टिळा लावला. ओल्या कपाळावर कुंकू थांबेना, नाकावरून ओघळलं. पदराची गाठ सोडून तिनं गूळ काढला आणि त्याच्या तोंडाशी नेला.

"रचनाचं लग्न आहे. भात घेऊन ये."

त्यानं खडा तोंडात घेतला आणि थबकला. "मुंग्यांसकट देतेस?"

"चार दिवस झाले बांधून. मुंग्यांना तरी कुठं ठाऊक, माझा भाऊ कधी बोलणार ते."

"आण इकडं." त्यानं तिच्या हातातला उरलेला गूळही घेतला आणि मुंग्या न झटकता खाल्ला. रामदेई माणसांच्या मागं उभी होती, ती पदर तोंडाला लावून हसत होती की रडत होती ते तिलाच ठाऊक.

"झालं का?" वरून महाराजांचा आवाज आला. "मग वर या बाबांनो. हत्ती कधीचा पाण्यात उभा आहे."

माणसं परत आपापल्या सतरंज्यांवर आली. लज्जाराम ओल्या अंगानं पुढं, महाराजांच्या अगदी समोर जाऊन बसला. त्याच्या धोतरातलं पाणी सतरंजीवर पसरत गेलं, शेजारचे कुरकुरत सरकले आणि सरकून मोकळ्या झालेल्या जागेवर कटोरी येऊन बसली. बायकांची बाजू तिकडं आहे, असं तिला कुणी सांगितलं नाही.

महाराजांनी पेटी उघडली. पहिल्याच ओळीला कटोरीनं साथ धरली आणि चाल चुकवली. लज्जारामनं मान वळवून तिच्याकडं बघितलं.

"तू चुकलास," ती म्हणाली.